इंची आट्याचा स्क्रू

त्या दिवसांत मी देवीला हात जोडत होतो, पण खरं सांगायचं तर मनातून तिच्याशी भांडतच होतो. माझा थोरला भाऊ, दादा, तळेगावच्या घरात अंथरुणाला खिळला होता. फुप्फुसाचा कॅन्सर. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हाच काय ते समजलं. दादाचं मागणं एकच होतं. अंगणात त्याची जुनी मोटार कित्येक वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. "एकदा तिचा आवाज ऐकव रे," एवढंच म्हणायचा. मी मात्र परस्पर नवस बोलून बसलो, की याच गाडीतून त्याला कार्ल्याला, एकवीरा आईच्या डोंगराच्या पायथ्याशी नेईन, आई त्याला उठवून बसवेल.

आणि मग माझ्याच हातांनी मी घाण करून ठेवली. इंजिनात प्रत्येक प्लगला आळीपाळीनं ठिणगी पोचवणारी एक डबी असते. ती मी उघडली. आतला मुगाएवढा स्क्रू गंजला होता, तो फेकला आणि दुकानातून नवा आणला. दोन फेरे बसला नि अडला. मी जोर लावला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! आतल्या पत्र्याच्या भोकातल्या आट्यांचा, स्क्रू धरून ठेवणाऱ्या बारीक खाचांचा, पार भुगा झाला. जुन्या गाड्यांचे आटे इंचाच्या मापाचे, आजचे स्क्रू मिलिमीटरचे, हे कचेरीत फायली हलवण्यात जन्म गेलेल्या मला कुठून ठाऊक? दादाला ठाऊक होतं. पण त्याला विचारायची लाज वाटली.

लोणावळ्यातली गॅरेजं झाली, आंबीचे कारखाने झाले, पुण्याचा जुना बाजार पालथा घातला. "काका, भंगारात घाला आता," हेच उत्तर. रोज संध्याकाळी दादा नुसता "आज?" म्हणायचा, मी "उद्या" म्हणायचो. त्याचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. एका मंगळवारी चिडून कार्ल्याचा डोंगर चढलो आणि आईसमोर उभा राहून रडलो. म्हटलं, अगं, एक स्क्रू मागतोय, तोही जड झाला तुला?

उतरून मळवली स्टेशनात आलो तर लोकल नुकतीच गेलेली. बाकावर बसून रुमालातला तो पत्रा उलटसुलट करत होतो. शेजारचे म्हातारे गृहस्थ वाकून म्हणाले, "आटा मेलाय की ह्याचा. इंची हाय हे भाऊ, मिलिमीटर घुसवलं व्हय कुनी?"

"मीच, आबा."

"लय शाना हायेस. चल घरी."

घर भाजे गावात. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली, आयुष्यभर फिटर असलेल्या माणसाचे, माप लावून ठेवलेले स्क्रूंचे डबे. आबांनी भोकात एका मापानं मोठे इंची आटे पाडले, तसाच स्क्रू बसवून दाखवला. मी भारावून प्रसादाचं खोबरं पुढं केलं. "परसाद आमी घेत न्हाई," ते शांतपणे म्हणाले. मला ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, "पण आबा, आईनंच धाडलं तुम्हाला." ते हसले. "मला कुनी धाडलं न्हाई. लेकीला गाडीत बसवाया आलतो."

दुसऱ्या दिवशी दादाला खुर्चीसकट अंगणात आणलं. तिसऱ्या खेपेला इंजिन धडधडलं. दादानं बॉनेटवर तळवा टेकला आणि डोळे मिटले. मी घाईघाईनं म्हणालो, "चल, आता आईकडं जाऊ." त्यानं नकारार्थी मान हलवली. "हेच हवं होतं रे मला. तू उगाच पळतोयस. बस की जरा माझ्याजवळ."

किती महिन्यांत मी त्याच्याजवळ असा बसलोच नव्हतो. स्क्रू शोधत हिंडत होतो. त्या दिवशी बसलो, त्याचा हात हातात घेऊन, इंजिन गरम होईस्तोवर.

त्यानंतर नवव्या दिवशी दादा गेला. नवस अपुरा राहिला म्हणून पुष्कळ दिवस जीव जळला, आजही घर खायला उठतं. पण हळूहळू उमजलं, की आईनं माझं ऐकलं नसेल, दादाचं ऐकलं. आबांना हे पटायचं नाही आणि मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. आईचा आणि आबांचा, दोघांचाही मी ऋणी आहे. आता देवळात गेलो तर काही मागत नाही. आई, तुला कळतं, एवढंच म्हणतो, आणि घरी कुणी वाट पाहत असेल तर लवकर परत फिरतो.