मालनवहिनी आणि माझं लग्नातलं धोतर

आमची मालनवहिनी म्हणजे एक वल्लीच! दादा गेल्यापासून घरात तिचाच शब्द, आणि तिचं डोकं कायम पुढच्या सालात. खडवलीत सगळे भातावर मान मोडत होते, तेव्हा हिनं माळावर गवत राखलं. का, तर मुंबईत घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्यात, त्या घोड्यांना गवत लागणार. गाव हसलं, मीही हसलो. दोन सालांत अख्खं गाव गवत कापायला लागलं.

त्या साली आमच्या गवताच्या पैशावर बैलजोडी यायची होती. एक बैल मेलेला, दुसरा म्हातारा. जोडी आली नाही तर नांगराला मलाच जुंपणार, असं वहिनीनं तीनदा बजावलेलं. गवत आगगाडीनं जायचं, म्हणून शेजारच्या महिपतपासून सगळ्यांनी रुळालगत सहा गंज्या रचल्या. वहिनी म्हणाली, "भावजी, आपली गंजी टेकाडापलीकडे."

"अगं वहिनी, पाव कोस! भारे कोण वाहणार?"

"तुम्ही. दुसरं आहे कोण?"

वाहिले बाबा! मान आखडली. वर महिपत रोज विचारायचा, "काय राघो, गवताला माहेरी पोचवतोस काय?" असा संताप यायचा!

अशात माझं लग्नातलं धोतर दिसेना. शोधतो तर काय, रुळाकडेच्या कुंपणावर फडकतंय! आठ दिवस तिथंच होतं म्हणे. हातात घेतलं तर नुसती चाळण.

"इंजिनाच्या ठिणग्या," वहिनी म्हणाली. "मोजा, सतरा भोकं आहेत."

"मग तुझं लुगडं टांगायचंस!"

"वा! चांगलं लुगडं जाळू होय?"

तिनं ते धोतर गावभर दाखवलं. दुसरं टोक धरून मी मागून, लाजेनं अर्धा झालेला. महिपत म्हणाला, "राघोच्या धोतरात उंदीर शिरला!" गंज्या कुणी हलवल्या नाहीत.

फाल्गुनात भरदुपारी गाडी गेली आणि महिपतची गंजी पेटली. आम्ही घागरी घेऊन धावलो, पण वारा होता. सहाही गंज्या गेल्या. टेकाडापलीकडे आमची तेवढी उभी होती. तिला टेकून मी चक्क रडलो. वहिनीनं महिपतच्या गुरांपुरतं गवत काढून दिलं, आणि उरलेल्यावर आमची बैलजोडी आली.

मग महिपतच हात जोडून आला. "मालनबाय, आता पुढं काय गं?"

"आगगाडीला कुठं घोडे लागतात? उद्या ट्रामलाही लागायचे नाहीत. गवत पडून राहील. माळावर आंबे लावा."

सगळं गाव पोट धरून हसलं. मी नाही हसलो. तडक घरी गेलो आणि नवं धोतर पेटीत घालून कुलूप लावलं.