हजेरीचा कागद

लंडनमधल्या क्रॉयडनच्या अफगाण दुकानात वेलची घातलेल्या ग्रीन टीचा वास आला आणि काबूलमधली ती वर्गाची खोली आठवली. तेव्हा मी एका आंतरराष्ट्रीय संस्थेतर्फे बायकांना त्यांचे हक्क शिकवत होते. वर्गाला येणाऱ्या, मुलींना कुराण शिकवणाऱ्या मरियमबाई हसून म्हणाल्या, "वारशातला मुलीचा वाटा आमच्या किताबात आधीपासून आहे. पुरुषांना शिकवा."

चहा झाल्यावर मी हजेरीचा कागद पुढे केला. नाव, वडिलांचं नाव, पत्ता, सही. देणगीदारांना सगळं लागायचं. पेन हातात धरून मरियमबाईंनी विचारलं, "हा कागद कुठे जातो?"

"ऑफिसच्या कपाटात. किल्ली माझ्याकडेच असते," मी सहज म्हणाले. त्यांनी सही केली.

तालिबान आले तेव्हा आम्हा परदेशी लोकांना घाईघाईत विमानात बसवलं. कपाट कागदांसकट तिथेच राहिलं. किल्ली अजून माझ्याकडेच आहे.