ठकुबाईला कुणी विचारलंच नाही

भातकापणीत मार्गासनीच्या ठकुबाईच्या पायाच्या अंगठ्यावर विळा बसला तो दिवाळीत. शिमगा उलटला तरी जखम उघडीच. साखर तपासली, ती बरोबर निघाली. मग दोष सगळा तिच्याच पदरात! शेजारणी म्हणाल्या, वांगं खाल्लं असणार. डॉक्टर म्हणाले, चिखलात जात असणार. बिचारीनं वांगं सोडलं, बटाटा सोडला, गोठ्यातसुद्धा चप्पल घालून वावरू लागली.

दर आठवड्याला एसटीनं भोरला जाऊन पट्टी बदलायची. पट्टी सोडताना जीव कळवळायचा, म्हणून आधी बाकावर बसून ती मिश्री घासायची. भाजलेल्या तंबाखूची ती पूड दातांना लागली की जरा बरं वाटे. दवाखान्याच्या त्या बाकावर सगळ्या बायकांत डबी फिरायची, आणि डॉक्टर तिथूनच ये-जा करायचे.

शेवटी अंगठा काळा पडला. कापायचा ठरला.

शिवऱ्याची सोनिया तिथं नवीच नर्स. तिनं पाऊल हातात घेतलं, तर गार पडलेलं. तिनं ठकुबाईचे दात पाहिले आणि विचारलं, "मावशी, मिश्री किती वेळा?"

"पाच-सा येळा. का गं?"

"तंबाखूनं रक्ताच्या नळ्या आवळतात. पायापर्यंत रक्तच पोचत नाही, मग जखम भरणार कशी?"

ठकुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आमचं मालक नुसतं खोकल्यापायी आलं, तर पयलं इचारलं, तंबाखू खाता का, बिडी वडता का. म्या पाच म्हैनं पाय घिऊन येतीया. मला का न्हाई इचारलं?"

सोनियानं केसपेपर उलटला. व्यसनाच्या रकान्यात पहिल्याच दिवशी लिहिलेलं होतं, 'नाही'. बाईमाणूस, तिला कसलं व्यसन! विचारण्याची तसदी कोण घेतो?

अंगठा गेला तो गेलाच. मिश्री सुटताना ठकुबाईचं डोकं आठवडाभर ठणकलं, पण सोडली. पाऊल मात्र वाचलं.

ती वॉर्डात असतानाच शेजारच्या खाटेवर आंबवड्याची धोंडाबाई आली, घोट्यावरची न भरणारी जखम घेऊन. डॉक्टर तिच्या पायाशी वाकले, तशी ठकुबाई खाटेवरून कडाडली, "सायेब, आदी तोंड बगा तिचं, मग पाय! इचारा, मिश्री लावती का!"

सगळा वॉर्ड बघू लागला. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला, पण त्यांनी विचारलं.

धोंडाबाईनं पदर तोंडाशी धरला. "लावती की. सकाळधरनं चारदा झाली."