हिरवा निघालेला अजगर

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

उत्रोलीत आमच्या भातखाचराच्या कडेला काकी बांबू तोडत होती. फांदीवर हिरवागार साप वेटोळं घालून बसलेला. आपल्याकडं बांबूतला हिरवा साप म्हणजे चापडा, चांगलाच विषारी. काकीनं ओरडत काठीनं त्याचं डोकं ठेचलं.

आवाज ऐकून शेजारचा फार्महाऊसवाला आला. हा बाबा परदेशी अजगर पाळतो, त्यांची पिल्लं काढून विकतो. मेलेला साप बघून शांतपणे म्हणाला, "चापडा नाही, काकू. माझा अजगर आहे. बिनविषारी."

काकीनं काठी बाजूला टाकली. "पळाला व्हय तुमचा? म्या वळखलं न्हाई वो."

"पळाला नाही, मीच सोडला. पिल्लं पिवळी जन्मतात, पण मोठी होताना बहुतेक हिरवी होतात. गिऱ्हाइकाला जन्मभर पिवळा राहणारा पाहिजे. हिरव्याला कोण विचारतं?"

"मंग हितं बांबूत कशापायी सोडला? चापडा समजून कुनीबी मारनार की!"

"म्हणूनच तर. माझ्या हातानं मारवत नाही हो. सापांवर लई जीव आहे माझा."

मी त्याची गचांडी धरणार, तेवढ्यात त्यानं मोबाईल काढून काकीपुढं धरला. फोटोत पेटीतली पिवळीधमक पिल्लं होती. त्यातल्या एकाच्या पाठीवर हिरवट झाक आली होती.

"काकू, पुढच्या आठवड्यात परत येणार ना बांबू तोडायला?"