चटणीतला चुरा

उमरग्यात हायवेला लागून, बसथांब्याच्या पलीकडं, मिरचीच्या भज्यांचा एक गाडा होता. गेल्या दिवाळीनंतर तो उठला. गाडेवाल्या मामूंचे गुडघे गेले आणि ते लेकीकडं सोलापूरला राहायला गेले. भजी काय, दुसरीकडंही मिळतात. पण मामू त्यावर जी लाल चटणी घालायचे ती कुठंच मिळेना. म्हणून एका रविवारी मी ती घरीच करायला बसलो.

त्याआधी एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी शिक्षक आहे. शाळा जवळच्या खेड्यात. संध्याकाळी एसटीतून उतरलो की माझे पाय आधी गाड्याकडं वळायचे. लग्न झालं त्या आठवड्यातही तसाच वळलो. चार भजी खाऊन घरी गेलो तर बायकोनं ज्वारीची भाकरी, आमटी आणि जवसाची चटणी वाढली. तिचं माहेर तेरकडचं, झणझणीत खाणारी माणसं. समोर बसून तिनं विचारलं, "कसं झालंय?" माझ्या पोटात जागा नव्हती. नवी बायको घरी वाट बघत असताना आपण गाड्यावर उभं राहून खाल्लं, हे सांगायची लाज वाटली. मी म्हणालो, "चांगलंय, पण जरा तिखट झालंय." आणि अर्धी भाकरी ताटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिनं तिखट कमी केलं. मी पुन्हा अर्धीच खाल्ली. मग मी लसणाला नावं ठेवली, मग तेलाला. दर वेळी ती मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी तेवढं कमी झालेलं असायचं. जवसाची चटणी ताटातून गेली, मागोमाग कारळाची गेली. मुलं लहानाची मोठी झाली ती असंच फिकं खाऊन. ती स्वतः मात्र ताटाशेजारी एक कच्ची हिरवी मिरची घेऊन बसायची आणि घासागणिक तिचा तुकडा तोडायची. ती तिची सवय असेल, असं मी बावीस वर्षं धरून चाललो.

तर त्या रविवारी मी सुक्या मिरच्या भिजत घातल्या, लसूण सोलला, शेंगदाणे भाजले, चिंचेचा कोळ काढला. मिक्सरचा आवाज ऐकून ती आत आली.

"आज काय दिवस कुणीकडं उगवला? गुरुजी चक्क चुलीपशी!"

"एक चटणी करून बघतोय. कुठंतरी खाल्ली होती एकदा."

ती हसली, हात धुऊन शेजारी बसली. तिला असलं काही आवडतं. चटणी चाखून म्हणाली, "ह्यात जिरं न्हाई. होतं का त्यात?"

"होतं. थोडंच."

जिरं घातलं. मग चिमूटभर गूळ घातला. तरी ती चव येईना. मी म्हणालो, "ती अशी सुटी नव्हती. भज्याला धरून राहायची."

"मग डाळं घाला की."

डाळं घालून पुन्हा फिरवलं. घट्टपणा आला, पण चव गोडसर झाली. मी आता अगदी रंगात आलो होतो. "न्हाई, असं न्हाई. पावसाळ्यात ती जरा पातळ असायची, उन्हाळ्यात घट्ट. आणि शनिवारी सकाळची शाळा असली की दुपारी खायचो, तेव्हा नुसती तिखटच लागायची. संध्याकाळचीच खरी."

तिचा हात वाटीत तसाच थांबला.

"एकदा खाल्ली म्हणला न्हवं?"

मी मिक्सरचं झाकण काढून उगाच आत बघितलं.

"पावसाळा बी बघितला, उन्हाळा बी बघितला. शनवारची येगळी म्हणता. किती वरसं खात होता?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. म्हणजे, जवळजवळ सगळं. पहिल्या आठवड्यापासून रोज मामूंच्या गाड्यावर खाऊन यायचो हे सांगितलं. तुझा स्वयंपाक तिखट नव्हता, तेलकट नव्हता, माझंच पोट भरलेलं असायचं, हेही सांगितलं. शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना मी उभं करतो. त्या दिवशी बसल्या जागी मला तसं उभं केल्यासारखं वाटत होतं.

ती रडेल किंवा उठून जाईल असं मला वाटलं. तिनं वाटीत बोट बुडवलं, चाखलं आणि विचारलं, "कढईत पिठाचे थेंब पडून तळत्यात, त्यो चुरा मामू झाऱ्यानं काढून कुठं टाकायचे?"

मी ते रोज बघत होतो. तरी आठवायला क्षणभर लागला. "चटणीच्या भगुल्यात."

"मग? दुपारी चुरा नसतो. संध्याकाळपत्तुर दिवसभराचा साठून भिजतोय. डाळं कशाला घालत्यात!"

डाळं न घातलेली थोडी चटणी बाजूला काढलेली होती. तिनं कढई ठेवली, बेसन कालवलं, तेलात बोटांनी थेंब सोडले. लालसर चुरा झाऱ्यानं काढून चटणीत टाकला. "भिजू द्या जरा," एवढंच म्हणाली. आम्ही दोघं ते भांडं मधे ठेवून बसून राहिलो.

चव तीच आली. अगदी तीच. मला ते तोंडानं म्हणवेना, पण तिनं माझ्याकडं बघून ओळखलं. सकाळच्या भाकरीचा तुकडा मोडून तिनं तो चटणीला लावून खाल्ला, सावकाश.

"चांगलीय," ती म्हणाली. "लसूण मी जवसाच्या चटणीत घालायचे तेवढाच हाय." मग थोड्या वेळानं, "म्हंजी माझं तिखट बरुबर होतं?"

"बरोबर होतं."

"लसूण?"

"बरोबर होता."

"तेल?"

मी ज्या क्रमानं नावं ठेवली होती, त्याच क्रमानं तिनं विचारलं. एकही वस्तू सुटली नाही. शेवटी पदर झटकून उठली आणि कढई घासायला घेतली. मी घासतो म्हणालो, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमच्यानं ती नीट निघायची न्हाई."

एक गोष्ट मी तिला तेव्हा सांगितली नाही, अजूनही सांगितलेली नाही. मामू कधीमधी चेष्टेनं विचारायचे, "काय गुरुजी, भाभी जेवू घालत न्हाईत काय?" एकदा गाड्याभोवती बरीच माणसं होती. मी म्हणालो, "घालते हो, पण खाण्यासारखं असाया पायजे ना!" सगळे हसले. मीही हसलो. मामू तेवढे हसले नव्हते. त्यांनी माझ्या पानावर चटणी वाढली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले.

आता आमच्या ताटात जवसाची चटणी परत आली आहे. आमटी लाल असते. हिरवी मिरची ताटाशेजारी दिसत नाही. मी शाळेतून थेट घरी येतो, भूक लागलेली असते. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येतं, पण मी दोन भाकरी खातो. फक्त ती आता समोर बसून "कसं झालंय?" असं विचारत नाही. मीच आपण होऊन सांगतो, "आज लई चांगलं झालंय."

"भाकरी घ्या," ती म्हणते, आणि स्वतःचा घास मोडते.