पप्पांसमोर केलेला सराव

संघमित्राच्या चिठ्ठीत ‘बाजूने’ निघालं आणि तिथेच तिची वाट लागली. आंतरशालेय वादविवाद स्पर्धेत बाजू आपण निवडायची नसते, ती चिठ्ठीत येईल ती. विषय होता, डोंगरउतारावरच्या धोकादायक वस्त्या तातडीने हलवाव्यात. आता ही पोरगी राहते कुठे, तर विक्रोळीला, पार्कसाइटच्या डोंगरावर, पार वरच्या गल्लीत. म्हणजे आमचंच घर उठवा, असं तिने माइकवर सांगायचं. तिने स्पर्धेची तयारी करून घेणाऱ्या रुचिरा मॅडमकडे बाजू बदलून मागितली. मॅडम म्हणाल्या, "विरोधात तू झोपेतही बोलशील गं. हे जमवून दाखव." त्यांचं बोलायला काय जातंय?

घरी तर आणखी पंचाईत. वस्ती रिकामी करून लांबच्या इमारतींत खोल्या घ्या, असा प्रस्ताव खरंच आलेला होता आणि तो अडवून धरला होता तिच्याच पप्पांनी. पप्पा, म्हणजे धम्मपाल, वस्तीच्या समितीचे सचिव. ते नाही म्हणत होते, म्हणून अख्खी वस्ती नाही म्हणत होती.

मॅडमची एक पद्धत होती. सराव करायचा तो विरुद्ध मताच्या माणसासमोर, म्हणजे आपल्या मुद्द्यांतली भोकं दिसतात. संघमित्राला असा माणूस घरातच होता. पप्पा कामावरून येऊन जेवायला बसले की ती कपाटाला टेकून सुरू व्हायची. पाऊस वाढला की लेकरं उराशी धरून जागणाऱ्या आया, मागच्या उताराची सुटत चाललेली माती, सगळं असं काही सांगायची की ऐकणाऱ्याचा घास हातात राहावा. पप्पा मात्र नुसती मान डोलवायचे.

"पप्पा, काहीतरी उलट विचारा ना."

"तू विचारायला जागाच ठेवत नाहीस," ते कौतुकाने म्हणायचे. ती हिरमुसायची. असला कसला विरोधक, यार.

जागा होती. चांगली मोठी होती. दुसऱ्या वस्तीतली तिची मैत्रीण श्रुतिका आधीच त्या इमारतींत राहायला गेली होती आणि तिच्याकडून हिने सगळं काढून घेतलं होतं. पाणी वर चढत नाही, लिफ्ट कायमची बंद, कामं सुटलेल्या बायका घरात बसून आहेत. पण आपल्यालाच कापणारा मुद्दा आपल्या तोंडाने कुणी काढतं का? तो समोरच्याने काढायचा, मग आपण खोडायचा. उत्तर तयार ठेवून ती वाट बघत राहिली.

रविवारी विहारात वंदना झाली आणि समितीची बैठक बसली. पप्पा उभे राहिले. नेहमीचा नकार ऐकायला लोक सैलावून बसले होते. पहिल्याच वाक्याला संघमित्राने चमकून वर पाहिलं. वाक्य तिचं होतं. त्याच्या पुढचंही तिचंच. लेकरं उराशी धरणाऱ्या आयांचं वाक्य आलं तसे बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

"माझ्या पोरीने अभ्यास केलाय," पप्पा शेवटी म्हणाले. "ती सांगते म्हणजे सगळं बघूनच सांगत असणार."

एकेक करत प्रस्तावाच्या बाजूने हात वर जायला लागले. उठावं तर भर सभेत बापाला खोटं पाडायचं. बसावं तर हे असं. आईने कौतुकाने तिची पाठ थोपटली, आणि ती बसूनच राहिली.

घरी येताच तिने सांगून टाकलं. पाणी, लिफ्ट, बायकांची कामं, सगळं. पप्पा चप्पल काढता काढता थांबले.

"हे तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचाराल असं वाटलं." तिला रडू फुटलं. "तुम्ही विरोधात होतात ना, पप्पा."

धम्मपाल तिच्याजवळ येऊन बसले. मग हळूच म्हणाले, "मी कुठे विरोधात होतो गं? मी तुझा बाप म्हणून ऐकत होतो."