हिरव्या ठिपक्याची वाट

आमच्या कर्वेनगरच्या शाळेत कॉम्प्युटरची खोली झाली तेव्हा आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. देवघरातही नसेल इतकं सोवळं तिथे होतं. विज्ञानाच्या बाईंनी आमच्या सातवीच्या वर्गाला इंटरनेटवरच्या एका उपक्रमात घातलं. थंड देशांतल्या शाळांनी ट्यूलिपचे कंद लावायचे आणि फूल उमललं की कळवायचं. मग नकाशावरचा त्या गावाचा करडा ठिपका हिरवा व्हायचा. वसंत कुठवर पोचला, ते ठिपक्यांवरून कळायचं. "पण बाई, पुण्यात कुठे एवढी थंडी?" असं एकाने विचारलं. "घरात फ्रिज आहेत ना? बसा खाली," बाई म्हणाल्या.

मला त्या अख्ख्या नकाशातला एकच ठिपका हवा होता. बाबांना त्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीने गणपतीनंतर अमेरिकेतल्या एका बर्फाळ गावी पाठवलं होतं आणि त्या गावातली एक शाळाही उपक्रमात होती. मी फोनवर सांगितलं तेव्हा बाबा हसून म्हणाले, "मग ठरलं. इकडे ट्यूलिप फुलले की मी घरी." मला तेवढं पुरलं.

आमचे कंदही बाबांनीच, परत येणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर पाठवले. दिसायला थेट कांदे. लावण्याआधी ते काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवायचे होते आणि नेमका आईचा चातुर्मास चालू होता. त्या चार महिन्यांत आमच्या घरात कांदा-लसूण येत नसे. "तुझ्या बाईंसाठी असेल ते फूल. माझ्या फ्रिजमध्ये हा कांदा आहे," आई म्हणाली. बाबांनी पाठवलेत म्हटल्यावर नैवेद्याच्या दुधापासून लांब, सगळ्यात खाली, घट्ट झाकणाच्या डब्यात जागा मिळाली. पुढे चातुर्मास संपला आणि त्या आनंदात आईने पोह्यांसाठी त्यातलाच एक चिरायला घेतला. "अगं, इतका चिरला तरी डोळ्यांत पाणी कसं नाही?" तिनेच आश्चर्याने विचारलं आणि मी किंचाळले. बाकीचे वाचले.

फेब्रुवारीत शाळेच्या कुंडीत एक फूल आलं. देठ इतका आखूड की फूल मातीतच बसल्यासारखं दिसे, पण लालभडक. पुण्याचा ठिपका हिरवा झाला, बाईंनी पेढे वाटले. बाबांचं गाव मात्र करडंच राहिलं.

होळीनंतर आई रोज विचारू लागली. मी दप्तर ठेवते न ठेवते तोच, "झाला का गं हिरवा?"

"नाही."

"असू दे. घाई काय आहे?" म्हणून ती पोळ्या लाटायला वळायची. मला तिचा रागच यायचा. मी इकडे त्या बर्फाला शिव्या घालत होते आणि हिला घाई नाही!

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन मी कॉम्प्युटरच्या खोलीत गेले, तर ठिपका हिरवा. सायकल कशी हाणली ते आठवत नाही. दारातूनच ओरडले, "आई, हिरवा झाला! बाबा येणार!"

आईने गॅस बंद केला. मला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, की बाबांचं तिकडचं काम दिवाळीपर्यंत वाढलंय. त्यांचा तसा फोन होळीच्या दुसऱ्याच दिवशी येऊन गेला होता.

"मग रोज विचारत कशाला होतीस?"

"तो हिरवा होईपर्यंत तुला सांगावं लागणार नव्हतं ना."

मी दोन्ही वेळा जेवले नाही, तिच्याशी बोललेही नाही. आता माझी मुलगी त्या वयाची आहे आणि मला आईची ती वाक्यं पुन्हा ऐकू येतात. त्या उन्हाळ्यात, पुण्याच्या रणरणत्या उन्हात, कुठलासा बर्फ वितळू नये म्हणून मनातून विनवणारी ती एकटीच बाई असेल. आणि तिने ते एकटीने केलं, याचंच मला फार वाईट वाटतं.